चुकले काय, आणि सांगायचे कोणाला?

संगणकाच्या इतिहासात यंत्रांचे वेग सांगितले जातात, स्मृतीचे आकडे दिले जातात, प्रोग्रॅमिंग भाषांच्या वंशावळी काढल्या जातात. एक लेखनप्रकार मात्र या इतिहासात फारसा कोणी वाचत नाही. तो म्हणजे एरर मेसेज. प्रोग्रॅममध्ये काही बिनसले की संगणक जे दोन-चार शब्द समोर ठेवतो, ते. या लेखनाला लेखक असतो, वाचक असतो, शैलीही असते. फक्त लेखकाचे नाव कुठे छापलेले नसते. पंचवीसेक वर्षे मी प्रोग्रॅमिंगवर पोट भरले आणि या काळात कथा-कादंबऱ्यांपेक्षा हेच वाङ्मय माझ्या वाचनात अधिक आले.

ते वाचता वाचता माझे एक मत बनत गेले. ‘काय चुकले’ हा या लेखनातला सोपा प्रश्न आहे. अवघड प्रश्न दोन: हे सांगायचे कोणाला? आणि सांगून झाल्यावर थांबायचे की पुढे जायचे, हे ठरवायचे कोणी? प्रत्येक भाषेने, प्रत्येक यंत्राने या दोन प्रश्नांची उत्तरे आपापल्या परीने दिली. चूक सौम्य की गंभीर, इशारा की थांबा, अशी जी वर्गवारी आपण निर्जीव तक्ता समजून वाचतो, ती खरे तर याच उत्तरांची नोंद आहे.

अगदी सुरुवातीला संगणक बोलतच नसे. केंब्रिज विद्यापीठात मे १९४९ मध्ये एडसॅक हा संगणक चालू झाला. तो उभारणारे मॉरिस विल्क्स यांनी पुढे आठवणींत लिहिले आहे की, त्याच वर्षी एकदा जिन्यावर असताना त्यांच्या मनात लख्ख प्रकाश पडला: उरलेल्या आयुष्यातला मोठा भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार. कागदी फितीवर भोके पाडून लिहिलेला प्रोग्रॅम चुकला, तर यंत्र थांबून राही किंवा एकाच जागी घिरट्या घाली. का, ते सांगत नसे. मग विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती काढली. यंत्र थांबल्यावर त्याच्या स्मृतीत त्या क्षणी काय काय होते, ते छापून देणारे छोटे प्रोग्रॅम त्यांनी लिहिले आणि त्यांना नाव दिले पोस्ट-मॉर्टेम. त्यांच्यातल्याच स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात चुकांच्या ‘निदाना’चा उल्लेख होता. म्हणजे या लेखनप्रकाराची पहिली परिभाषा वैद्यकातून आली. आधी निदान, ते जमले नाही तर शवविच्छेदन. या परिभाषेत प्रोग्रॅम हा रुग्ण होता आणि प्रोग्रॅमर हा वैद्य. बोलायचे काम रुग्णाने नव्हे, वैद्यानेच करायचे होते.

रुग्ण स्वतः बोलू लागला त्याची एक हकिकत नोंदलेली आहे. जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४ या संगणकासाठी फॉरट्रान ही भाषा आणि तिचा कंपायलर तयार केला. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या ओळींचे यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम. एप्रिल १९५७ मध्ये पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउस-बेटिस या अणुशक्तीच्या प्रयोगशाळेत टपालाने पंच कार्डांचा एक खोका आला. आत ना चिठ्ठी, ना माहितीपुस्तक. हा बहुधा फॉरट्रानचा कंपायलर असावा, असा तिथल्या हर्बर्ट ब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर्क केला, कार्डे यंत्रात घातली आणि हाताशी असलेला एक चाचणीचा प्रोग्रॅम त्यामागे लावला. छापून आलेल्या मजकुराचा आशय असा होता: मूळ प्रोग्रॅममध्ये चूक आहे, हे अमुक प्रकारचे ‘गो टू’ विधान आहे, पण त्याच्या उजव्या कंसानंतर स्वल्पविराम नाही. त्यांनी ते कार्ड नव्याने पाडले आणि प्रोग्रॅम चालला.

हा मजकूर मला आजही आदर्श वाटतो. त्यात पूर्ण वाक्य आहे. मला काय दिसले, मला काय अपेक्षित होते आणि कमी काय पडले, हे तीनही त्यात आहे. कोणाला सांगायचे याबद्दल शंका नाही: ज्याने ओळ लिहिली त्याला. थांबायचे की नाही याबद्दलही नाही: स्वल्पविराम येईपर्यंत थांबायचे. शुद्धलेखन तपासणाऱ्या जुन्या मुद्रितशोधकाचा हा आवाज आहे. पुढच्या सत्तर वर्षांत हा आवाज अनेकदा हरवला आणि पुन्हा सापडला.

तो हरवण्याचे पहिले कारण म्हणजे रांग. साठच्या दशकात संगणक एक आणि वापरणारे शेकडो, अशी स्थिती होती. विद्यार्थी कार्डांचा गठ्ठा खिडकीत देई आणि छापील निकाल घ्यायला काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येई. अशा वेळी पहिल्या चुकीपाशी थांबणे म्हणजे एका स्वल्पविरामासाठी त्याचा दिवस घालवणे. म्हणून कंपायलरने एका फेरीत सापडतील तितक्या चुका सांगाव्यात, अशी रीत पडली. पण एक चूक झाल्यावर पुढचे वाचायचे म्हणजे ‘इथे बहुधा हे म्हणायचे असावे’ असा अंदाज करावा लागतो, आणि अंदाज चुकला की पुढच्या धडधाकट ओळीही दोषी ठरतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा प्रकार. एका विसरलेल्या चिन्हापायी पानभर तक्रारी वाचण्याचा अनुभव प्रत्येक प्रोग्रॅमरला आहे.

कॉर्नेल विद्यापीठातले रिचर्ड कॉनवे यांनी या अडचणीचे टोकाचे उत्तर दिले. साठच्या दशकाच्या आरंभी तिथे तयार झालेली कॉर्क ही भाषा आणि सत्तरच्या दशकातला पीएल-सी हा कंपायलर चूक सापडली की ती स्वतःच दुरुस्त करत, काय बदलले ते छापत आणि प्रोग्रॅम चालवून दाखवत. दुरुस्ती चुकीची असली तरी विद्यार्थ्याच्या हाती निदान काहीतरी निकाल पडे. म्हणजे थांबायचे की नाही हा निर्णय इथे यंत्राने स्वतःकडे घेतला होता. वर्गात हे परवडणारे होते, कारण निकालावर कोणाचा पगार किंवा प्राण अवलंबून नव्हता.

कार्यालयांत मात्र निर्णयाची वाटणी करावी लागली. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम ३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रत्येक संदेशाला क्रमांक होता आणि क्रमांकाच्या शेवटी एक अक्षर. ‘आय’ म्हणजे फक्त माहिती. ‘ए’ म्हणजे ऑपरेटरने काही कृती करायची आहे. ‘डी’ म्हणजे ऑपरेटरने पर्याय निवडायचा आहे. संदेशात काय लिहिले आहे हे न वाचताही, तो कोणाच्या अंगावर येतो हे शेवटच्या अक्षरावरून कळे. कंपायलर आपला निकाल आकड्याने देत: शून्य म्हणजे सुरळीत, चार म्हणजे इशारा, आठ म्हणजे चूक, बारा म्हणजे गंभीर चूक, सोळा म्हणजे काम सोडून दिले. गांभीर्याची ही शिडी म्हणजे चक्क चारचा पाढा आहे, आणि त्याचे कारण गांभीर्याशी निगडित नाही. त्या यंत्रात उडी मारण्याची एक सूचना चार बाइटांची असे; मिळालेला आकडा थेट पुढच्या पत्त्यात मिळवला की योग्य सूचनेवर जाता येई. यंत्राच्या सोयीसाठी निवडलेले आकडे माणसांच्या बोलण्यात नैतिक पायऱ्या होऊन बसले. ‘चारपर्यंत चालतं, आठ आला तर थांबव,’ हे वाक्य मी कित्येक वेळा ऐकले आहे.

ऐकले ते मुंबईत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, सन २००० च्या तारखांचा प्रश्न जगभर गाजत असताना, भारतातल्या हजारो तरुणांप्रमाणे मीही परदेशातल्या एका विमा कंपनीचे जुने कोबॉल प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या गटात होतो. तिकडचा दिवस संपला की इकडे आमची पाळी सुरू होई. त्या काळातला सर्वांत ओळखीचा संदेश म्हणजे ‘एस-झिरो-सी-सेव्हन’. बोलताना त्याचे झाले होते ‘सॉक-सेव्हन’. अर्थ इतकाच की, यंत्राला जिथे आकडा हवा होता तिथे आकडा नव्हता. कोणाच्या नोंदीत, कोणत्या रकान्यात, का, यांपैकी काही नाही. सोबत यायचा तो स्मृतीचा छापील डोंगर, म्हणजे एडसॅकच्या पोस्ट-मॉर्टेमचा वंशज. आमचे एक ज्येष्ठ सहकारी नवशिक्यांना सांगत: त्यात चाळीस शोध. त्या यंत्रांच्या सोळा-पायाच्या लिपीत चाळीस म्हणजे मोकळी जागा. ती सापडली की कळे, दुसऱ्या खंडातल्या कुठल्याशा कार्यालयात कोणीतरी अर्जातला एक चौकोन रिकामा सोडला आहे. चौकोन भरू शकणाऱ्या माणसापर्यंत तो संदेश कधीच गेला नाही. आला तो रात्री दोन वाजता आमच्यापर्यंत. संदेश खरा होता, नेमकाही होता, फक्त पत्ता भलताच होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

संदेश आखडण्याचे दुसरे कारण जागा. १९६९ च्या सुमारास बेल लॅबमध्ये केन टॉम्पसन यांनी युनिक्ससाठी ‘एड’ हा संपादक लिहिला. त्याला तुमची आज्ञा कळली नाही की तो एकच चिन्ह छापत असे: प्रश्नचिन्ह. ताकास तूर लागू द्यायची नाही, असा खाक्या. सेकंदाला मोजकीच अक्षरे छापणाऱ्या टाइपरायटरवर बसणाऱ्या आणि आपण काय केले हे ठाऊक असणाऱ्या तज्ज्ञांसाठी ते पुरेसे होते. त्याच टाइपरायटरची एक खूण युनिक्समध्ये अश्मीभूत होऊन राहिली. यंत्रणेतल्या चुकांना तिथे क्रमांक आणि ठरलेली वाक्ये असत, आणि त्यांतले एक वाक्य होते ‘हा टाइपरायटर नव्हे’. टाइपरायटर अडगळीत गेल्यावरही कितीतरी वर्षे संबंध नसलेल्या ठिकाणी ते उमटत राहिले आणि नव्या पिढीला कोड्यात टाकत राहिले.

१९७५ साली अल्टेअर या घरगुती संगणकासाठी मायक्रोसॉफ्टने जी बेसिक भाषा दिली, तिची सर्वांत छोटी आवृत्ती चार किलोबाइट स्मृतीच्या यंत्रासाठी होती. त्यात वाक्यांना जागा कुठली? चुका दोन अक्षरांत सांगितल्या जात: ‘एसएन’ म्हणजे व्याकरण चुकले, ‘ओएम’ म्हणजे स्मृती संपली. अर्थ पाहायला पुस्तक उघडायचे. याच्या अगदी उलट स्वभावाची होती बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकाची बेसिक. १९८४-८५ च्या ‘क्लास’ या शासकीय योजनेतून हे संगणक भारतातल्या अनेक शाळांत पोहोचले. तिला तुमची ओळ कळली नाही की पडद्यावर एकच शब्द येई: ‘मिस्टेक’. ओळींना क्रमांक देताना अंतर शून्य ठेवायला सांगितले तर उत्तर येई ‘सिली’. एक शब्द मास्तरांचा, दुसरा मोठ्या बहिणीचा. इंग्रजी नीट न येणाऱ्या मुलालाही हे दोन शब्द कळत, आणि ते आपल्यालाच उद्देशून आहेत हेही कळे.

यंत्र स्वस्त झाले, रांग संपली आणि रीतही उलटली. १९८३ साली आलेला टर्बो पास्कल पहिल्याच चुकीपाशी थांबे आणि कर्सर नेमका तिथे नेऊन ठेवी. दुरुस्त करा, पुन्हा चालवा. काही सेकंदांचे काम. त्याचाच भाऊ टर्बो सी भारतातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत इतकी वर्षे टिकला की, त्याचे संदेश परीक्षेच्या अभ्यासक्रमाचाच भाग बनले. नागपूरच्या यशवंत कानेटकरांची ‘लेट अस सी’सारखी पुस्तके ज्यांच्या दप्तरात होती, त्यांना ‘एलव्हॅल्यू रिक्वायर्ड’ हे शब्द झोपेत विचारले तरी सांगता येत. त्यातला ‘एल’ म्हणजे ‘लेफ्ट’. बरोबरीच्या चिन्हाच्या डावीकडे किंमत साठवता येईल अशी जागा हवी, इतका साधा अर्थ. पण मुलांनी तो संदेश समजावून घेण्याआधी पाठ केला, कारण बहुपर्यायी प्रश्नात तोच एक पर्याय असे. चूक सुधारण्यासाठी लिहिलेले वाक्य परीक्षेत गुण मिळवून देणारे उत्तर झाले.

याच काळात कोणीतरी या लेखनाच्या सुराकडे लक्ष वेधले. अमेरिकन संशोधक बेन श्नायडरमन यांनी १९८२ साली संदेशांच्या रचनेवर प्रयोगांसह लिहिले आणि ‘फेटल’, ‘इल्लीगल’, ‘अबॉर्ट’ यांसारख्या शब्दांवर आक्षेप घेतला. हे शब्द मराठीत आणून पाहिले म्हणजे त्यांचा उग्रपणा कळतो: प्राणघातक, बेकायदेशीर, गर्भपात. टंकताना एक अक्षर राहिले म्हणून माणसाला कायदेभंगाची नोटीस. आजही एखादी फाइल सापडली नाही, तर सी भाषेचा कंपायलर ‘फेटल एरर’ म्हणतो. त्यात कोणी मरत नाही. फक्त कंपायलरला पुढे जाता येत नाही.

ज्या यंत्रापुढे माणसे खरोखर मेली, तिथे मात्र हा शब्द नव्हता. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र कॅनडातल्या एईसीएल कंपनीने बनवले होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्यातून भयंकर जादा मात्रा मिळाली आणि त्यांतल्या काहींचा त्यामुळे मृत्यू झाला. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या प्रकरणाची तपशीलवार चिकित्सा प्रसिद्ध केली. त्या यंत्रात बिघाडाचे दोन वर्ग होते. एक ‘सस्पेंड’: यंत्र पूर्ण थांबे आणि सर्व नव्याने भरावे लागे. दुसरा ‘पॉज’: उपचार थबके, आणि ऑपरेटरने ‘पी’ ही कळ दाबली की पुढे चालू. पडद्यावर दिसे फक्त ‘मालफंक्शन’ आणि एक आकडा. ऑपरेटरच्या पुस्तकात त्या आकड्यांचा उलगडा नव्हता.

मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे एका रुग्णाच्या वेळी पडद्यावर आले: मालफंक्शन ५४, उपचार थबकला. या आकड्याचा कंपनीतला अर्थ होता, मात्रा फार जास्त किंवा फार कमी गेली. दोन विरुद्ध गोष्टींना एकच क्रमांक. पडद्यावरचे मोजमाप तर सांगत होते की, ठरलेल्या २०२ एककांपैकी फक्त सहा गेली आहेत. असले छोटे-मोठे थांबे त्या यंत्रावर रोजचेच होते. लांडगा आला रे, असे कितीदा ऐकायचे? ऑपरेटरने ‘पी’ दाबली. रुग्णाच्या शरीरात गेलेली मात्रा नंतरच्या अंदाजानुसार ठरलेल्या मात्रेच्या सुमारे शंभरपट होती. प्रोग्रॅममधला मूळ दोष वेगळा होता, कळा भराभर दाबल्यावरच तो उघड होई. पण त्या दोषाचा परिणाम ‘थबका’ या वर्गात टाकणे, आणि ज्या माणसाला काहीच माहीत नव्हते त्याच्या बोटाखाली ‘पुढे चला’ची कळ देणे, हा निर्णय कोणीतरी शांतपणे, आधी, टेबलाशी बसून घेतला होता. फाइल न सापडण्याला ‘प्राणघातक’ म्हणणारा आणि या प्रसंगाला ‘थबका’ म्हणणारा व्यवसाय एकच आहे.

दुसरी हकिकत आकाशातली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने तयार झालेल्या एडा या भाषेत चुका हे भाषेचेच अंग मानले गेले. १९८३ च्या तिच्या मानकात पाच अपवाद नावानिशी दिलेले आहेत. अपवाद उद्भवला की त्याला उत्तर देणारा मजकूर प्रोग्रॅमरने लिहायचा. न लिहिल्यास अपवाद वरच्या पातळीकडे चढत जातो. ही रचना सुबक आहे. ४ जून १९९६ रोजी आरियान-५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले, तेव्हा त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचा प्रोग्रॅम याच भाषेत होता. तो आरियान-४ वरून जसाच्या तसा घेतलेला. आडव्या वेगाशी निगडित एक मोठी संख्या १६ बिटांच्या छोट्या पूर्णांकात बसवताना मावली नाही आणि अपवाद उद्भवला. सात राशींपैकी चार राशींना असे होऊ नये म्हणून संरक्षण दिले होते, तीन राशींना दिले नव्हते. ही त्या तिनांतली एक.

चौकशी मंडळाच्या अहवालातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग पुढे आहे. अपवाद आला की प्रोसेसर बंद करायचा आणि राखीव यंत्रणेकडे सूत्रे सोपवायची, असे ठरले होते. कारण चूक म्हणजे हार्डवेअरचा अचानक झालेला बिघाड, असे रचनाकारांनी गृहीत धरले होते. तार तुटली तर दुसरी तार कामाला येते. पण राखीव यंत्रणेत तोच प्रोग्रॅम होता आणि ती क्षणभर आधी त्याच कारणाने बंद पडली होती. बंद पडताना मुख्य यंत्रणेने आपल्या निदानाची माहिती, म्हणजेच एरर मेसेज, पुढे पाठवली. ती पोहोचली उड्डाणाच्या संगणकाकडे. त्याने तो संदेश आहे हे ओळखलेच नाही; ती उड्डाणाची खरी माहिती समजून त्याने इंजिनांच्या नळ्या पूर्ण वळवल्या. संदेश अचूक होता आणि वेळेवर निघाला होता. तो वाचण्यासाठी तिथे कोणीच नव्हते.

‘उत्तर कोणी द्यायचे’ हे प्रोग्रॅमरकडून सक्तीने लिहून घ्यावे, असा प्रयत्न त्याच वर्षी जाहीर आवृत्तीत आलेल्या जावा भाषेने केला. तिने चुकांचे तीन गट पाडले: ज्यांपुढे इलाज नाही त्या, प्रोग्रॅमरच्या निष्काळजीपणाच्या, आणि बाहेरच्या जगातून येणाऱ्या, उदाहरणार्थ फाइल नसणे. तिसऱ्या गटाबाबत एकतर उत्तर लिहा किंवा ‘मी उत्तर देत नाही, पुढचा देईल’ असे लेखी जाहीर करा. नाहीतर कंपायलर पुढे जाऊ देत नाही. कल्पना नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली वाटावी इतकी निर्मळ. प्रत्यक्षात अनेकांनी काय केले? उत्तराचा कंस उघडला, काही न लिहिता बंद केला. कंपायलर गप्प, चूकही गप्प. टर्बो पास्कलचे कर्ते अँडर्स हेल्सबर्ग यांनी पुढे सी-शार्प ही भाषा रचताना ही सक्ती ठेवली नाही, आणि त्यांनी दिलेल्या कारणांत या पोकळ उत्तरांचे कारण होते. सरकारी कचेरीत ‘पाहिले’ असा शेरा मारून पुढे सरकवलेली फाइल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा रिकामा कंस समजावून सांगावा लागत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत १९५७ चा तो मुद्रितशोधक पुन्हा भेटू लागला आहे. एल्म या भाषेचे कर्ते इव्हान चाप्लिकी यांनी २०१५ च्या सुमारास कंपायलरला प्रथमपुरुषी बोलायला लावले: मला हे नाव कुठे सापडत नाही, तुम्हाला यांपैकी एखादे म्हणायचे होते का? रस्ट या भाषेने त्यातून धडा घेऊन २०१६ साली आपल्या संदेशांची मांडणी बदलली. एखादी वस्तू दुसऱ्याला देऊन टाकल्यावर तुम्ही ती पुन्हा वापरू पाहिलीत, तर रस्टचा कंपायलर तिन्ही जागा दाखवतो: वस्तू इथे तयार झाली, इथे दिली गेली, आणि इथे तुम्ही ती पुन्हा मागता आहात. खाली शक्य असेल तर उपाय. क्रमांकही असतो, पण तो विचारल्यास सविस्तर धडा उलगडतो. तरीही या कंपायलरच्या शेवटच्या ओळींत ‘अबॉर्टिंग’ हा शब्द येतोच. जुनी सवय अजून गेलेली नाही.

हे सगळे वाङ्मय बहुतांशी इंग्रजीत आहे. नेदरलँड्समधल्या फेलिएना हरमान्स यांनी २०२० साली सुरू केलेल्या हेडी या शालेय भाषेत आज्ञा आणि चुकांचे संदेश दोन्ही अरबी, हिंदीसह अनेक भाषांत मिळतात. तो प्रयत्न मी कुतूहलाने पाहतो आहे. मराठीत हे करायचे तर पहिला प्रश्न शब्दाचा येईल. ‘एरर’ला परिभाषेने ‘त्रुटी’ हा शब्द दिला. त्रुटी म्हणजे उणीव, कमतरता. ती कोणी केली हे त्यात नसते. इंग्रजीतला ‘बग’ हा शब्दही असाच, जणू किडा आपणहून आत शिरला. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८८ साली नेमका याच शब्दावर आक्षेप घेतला होता: किडा म्हटले की तो आत सोडणारा सुटतो.

आपल्याकडे यापेक्षा चांगली हत्यारे आहेत. चूक माणूस करतो, ती ‘होते’ आणि ‘सुधारता’ येते. दोष वस्तूत असतो, तो ‘काढावा’ लागतो. बिघाड यंत्रात होतो, तो ‘दुरुस्त’ करतात. अभियंत्यांच्या १९९० च्या मानक शब्दावलीनेही माणसाची चूक, प्रोग्रॅममधला दोष आणि चालताना दिसणारे अपयश वेगवेगळे केले आहेत. आपल्या बोलीत ते आधीपासून वेगळे आहेत. आरियानमध्ये दोषाला बिघाड समजले गेले. थेरॅकमध्ये दोषाचा निवाडा ऑपरेटरवर सोडला, जणू चूक त्याचीच होती आणि सुधारायचीही त्यानेच. ‘त्रुटी क्रमांक ५४’ असे भाषांतर केले असते तर टायलरच्या त्या खोलीत काहीच बदलले नसते. ‘मात्रा जास्त गेली असेल, रुग्णाला तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका’ एवढे एक वाक्य, कोणत्याही भाषेत, पडद्यावर मावण्याइतके लहान होते.